चोवीस तास बूट घालणारी घोडी: पहिल्या वर्षात काय काय सांभाळायचं

तारा वरातीची घोडी होती. मारवाडी रक्ताची, आत वळलेल्या कानांची, वय साधारण चौदा. लग्नाच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवर बँडच्या तालावर पाय उचलायचे, नवरदेवाकडच्यांनी प्रेमानं भरवलेले लाडू, चणाडाळ, गूळ खायचा आणि मध्यरात्रीनंतर परत तबेल्यात. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढे आमच्या शेतावर ती आली, तेव्हा पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळं वजन मागच्या पायांवर घेऊन उभी राहायची. वळायचं म्हटलं की अंगाला काटा यायचा तिच्या. शेजारच्या काकूंना वाटलं काटा रुतला असेल. कुणी म्हणालं लाळ-खुरकूत. लाळ-खुरकूत गाई-म्हशींना, शेळ्या-मेंढ्यांना होतो, घोड्याला होत नाही. तिला झाला होता लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज.

गेली तीन वर्षं तिच्या पुढच्या दोन्ही खुरांवर बूट आहेत. चरताना, निजताना, दिवसा, रात्री. आता सकाळी दाण्याची बादली वाजली की ती दुडक्या चालीनं फाटकापर्यंत येते. बुटांनी हे केलं, पण पहिल्या दोन महिन्यांत मी त्याच बुटांनी तिचं नुकसानही केलं. कारण बूट घातला की खूर झाकला जातो, आणि झाकलेल्या खुरात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी मी जे लिहिते आहे, ते बहुतेक सगळं बूट काढण्याबद्दलच आहे.

आधी हे नक्की करा: बूट कशासाठी

घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला आतून हजारो बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये हे पापुद्रे सुजतात, त्यांची पकड सुटते, आणि हाड खाली बसतं किंवा त्याचं टोक तळव्याकडे वळतं. वरून घोड्याचं वजन, खालून कडक जमीन, मधे पातळ झालेला तळवा. अशा वेळी आत मऊ गादी घातलेला बूट जमिनीचा मार झेलतो.

लॅमिनायटिसशिवायही बुटाची गरज पडते. जन्मतः तळवा पातळ असेल, खुराची भिंत इतकी फुटली असेल की खिळा धरत नाही, वर्षानुवर्षं नाल मारलेल्या घोड्याला अनवाणी करायचं असेल, किंवा तळव्याच्या जखमेवर पट्टी बांधून ती कोरडी ठेवायची असेल. पण खूर धड आहे, शेतातल्या मातीत घोडा नीट चालतो आहे, तरी "काळजी म्हणून" चोवीस तास बूट घालू नका. धडधाकट खुराला जमीन लागलीच पाहिजे.

हा निर्णय पशुवैद्याबरोबर घ्या. खुराचा बाजूनं काढलेला एक्स-रे असेल तर हाड कुठं बसलंय आणि तळवा किती उरलाय ते दिसतं, आणि नालबंदाला कुठून किती तासायचं हे सांगता येतं. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना जवळ आहे. मुळात घोड्यांवर काम केलेला डॉक्टर शोधा. गाई-म्हशींचा उत्तम डॉक्टरही कधी कधी घोड्याच्या खुराला हात लावायला कचरतो, आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगत असेल तर ते चांगलंच.

खूर तासून घ्या, मग माप घ्या

क्रम उलटा झाला की पैसे गेले. वाढलेल्या खुराचं माप घेऊन मागवलेला बूट तासणीनंतर ढिला होतो, आणि ढिला बूट फिरतो, घासतो, निघून पडतो. इझीबूट, कॅव्हालो, स्कूट बूट हे नावाजलेले बूट बाहेरच्या देशांतले. मागवायला वेळ लागतो, किंमत मोठी, आणि बदलून घ्यायचं म्हणजे पुन्हा तेवढीच वाट बघायची. म्हणून माप घेताना घाई करू नका.

तासणी झाल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत मापं घ्या. पाय उचलून खूर स्वच्छ करा. स्टीलच्या पट्टीनं, मिलिमीटरमध्ये. रुंदी म्हणजे तळव्याच्या सगळ्यांत रुंद जागी आडवं अंतर. लांबी म्हणजे खुराच्या पुढच्या टोकापासून मागे त्या रेषेपर्यंत, जिथे खुराची भिंत जमिनीला शेवटची टेकते. टाचेवरचे मऊ गोळे लांबीत धरायचे नाहीत. नव्या माणसाची चूक बहुधा इथंच होते आणि बूट एक नंबर मोठा येतो. दोन माणसांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे जुळतात का बघा. दोन्ही पाय मोजा. ताराचा उजवा खूर डाव्यापेक्षा चार मिलिमीटर रुंद आहे. पुढचे खूर गोलसर आणि मागचे अरुंद, टोकदार असतात, त्यामुळे पुढच्याच्या मापावरून मागचे बूट मागवता येत नाहीत. मोजून झाल्यावर खूर पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं कडा आखा, पुठ्ठा कापा, वर तारीख लिहा आणि जपून ठेवा. सहा महिन्यांनी खुराचा आकार किती बदलला ते याच पुठ्ठ्यावर कळतं.

मागवण्याआधी एक गोष्ट बघा. रपेटीला जाताना घालायचे बूट वेगळे आणि दिवसरात्र घालायचे उपचाराचे बूट वेगळे. बुटाबरोबर बहुधा तो सलग किती तास घालायचा ते लिहिलेलं असतं. ते वाचा आणि पाळा. जमलं तर दोन जोड घ्या. एक पायात असताना दुसरा वाळतो. चोवीस तासांच्या कामाला एक जोड पुरत नाही, हे मी पहिल्या पावसाळ्यात शिकले.

पहिले पंधरा दिवस

डॉक्टरांनी दुखण्यासाठी ताबडतोब बूट घालायला सांगितले असतील तर घालाच, पण दर चार तासांनी काढून कातडी बघा. तशी निकड नसेल तर सवय हळूहळू लावा. पहिल्या दिवशी एक तास, तोही तुमच्या डोळ्यांसमोर. मग दोन तास, मग सकाळभर. सगळं ठीक दिसलं तर दहा-बारा दिवसांनी रात्रभर.

पहिल्यांदा बूट घातल्यावर घोडा पाय उंच उचलून, पाण्यातून चालल्यासारखा चालेल. घाबरू नका, थोड्या वेळानं ते थांबतं. सरळ चालवा, मग मोठ्या गोलात दोन्ही बाजूंना. बूट खुरावर फिरत नाही ना ते मागून बघा. पाय उचलून दोन्ही हातांनी बूट पिळून बघा. किंचित हलला तर चालेल, खुरासकट वळला पाहिजे. खूर आणि कातडी जिथे मिळतात त्या कडेवर बुटाचा काठ टेकता कामा नये. नवा खूर त्याच कडेतून उगवतो. वरचा पट्टा असेल तर त्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

वीस मिनिटांनी बूट काढून केस बघा. कातडी लाल व्हायच्या बऱ्याच आधी केस उलटे होतात, विस्कटतात. जिथे केस उभे, तिथे उद्या घासणार.

सकाळ-संध्याकाळचा फेरा

दिवसातून दोनदा, न चुकता, बूट पूर्ण काढायचे. सकाळी मला पाऊण तास लागतो, संध्याकाळी वीस मिनिटं, खुराला वारा लागू द्यायचा वेळ वेगळा. लग्नकार्य असो, पोळा असो, घरात पाहुणे असोत. ज्यांना हे दोन फेरे रोज जमणार नाहीत, त्यांनी मदतीला एक माणूस शिकवून तयार करावा आणि मगच बूट आणावेत.

आधी जागा. खाली कोरडी रबरी चटई किंवा जाड गोणपाट, म्हणजे बूट काढल्यावर दुखरा तळवा दगडावर पडत नाही. घोडं बांधायची गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. समोर थोडं कुटार टाका, खाण्यात गुंतलं की पाय निवांत देतं. खुराजवळ मांडी ठोकून बसायचं नाही, वाकून किंवा उकिडवं, केव्हाही बाजूला होता येईल असं.

आमचे नालबंद चाचा खुराला हात लावायच्या आधी बुटाला नाक लावतात. "पहले नाक, फिर हाथ, फिर आँख," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी अजून तोच क्रम पाळते.

नाक: पट्टा सोडला की आतून येणारा पहिला वास घ्या. घामट, चामडी वास ठीक आहे. कुजका, नासलेल्या वासाचा भपका आला तर पुतळी, म्हणजे तळव्यामधला रबरासारखा भाग, सडायला लागली.

हात: हाताची मागची बाजू खुराच्या भिंतीला लावा, मग दुसऱ्या खुराला. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? बूट नुकताच काढला असेल तर दोन्ही जरा ऊबदार असतात, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा बघा. मग नाडी. घोट्याच्या सांध्यामागे, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दोरीसारखी एक जुडी बोटाखाली सरकते, तिथे दोन बोटं हलकी ठेवून थांबा. बऱ्या घोड्यात ही नाडी जेमतेम लागते, कधी कधी शोधावी लागते. ठोके बोटाला धडका देत असतील तर खुरात सूज आहे. घोडं बरं असताना ही नाडी रोज बघून ठेवा. बिघडलेल्या दिवशी पहिल्यांदा शोधायला गेलात तर काय वेगळं आहे ते समजणार नाही.

डोळा: टाचेचे गोळे, कातडीची कड, केस. मग पाय उचलून आकडीनं खूर कोरा, टाचेकडून टोकाकडे. मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग म्हणजे पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी आणि मधली घडी उजेडात बघा. मी डोक्याला बॅटरी बांधते. तळवा आणि भिंत यांच्यामधल्या पांढऱ्या रेघेत खडा, काळा ठिपका, भेग काही आहे का तेही बघा.

मग कोरडा ब्रश. रोज पाण्यानं धुवायची हौस टाळा. बुटात आधीच ओल असते, त्यात आपण भर घालतो. चिखल असेल तेव्हाच धुवा आणि धुतलं तर जुन्या टॉवेलनं फटींपर्यंत टिपा. यानंतर खूर उघडा ठेवायचा. कोरड्या तणसाच्या जाड गादीवर किंवा वाळूत अर्धा-पाऊण तास वारा लागू द्या. भंडाऱ्याकडची धानाची तणस आमच्याकडे सहज मिळते आणि खाली छान मऊ राहते. मात्र तारा ती खातेही, म्हणून तिच्या वाटच्या चाऱ्यात ती धरावी लागते.

तोवर वापरलेला बूट घासून धुवा. पट्ट्यांच्या चिकटणाऱ्या भागातली कुसळं दातकोरणीनं काढा. पावसाळ्यानंतर आमच्या माळावर कुसळ इतकं माजतं की दोन दिवसांत पट्टा चिकटणं बंद होतं. पाणी निघायची भोकं मोकळी करा. सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात रबर आणि प्लास्टिक वाकडं होतं.

दुसरा, वाळलेला जोड घालण्याआधी तो उलटा करून आपटा आणि आत नजर टाका. बाहेर वाळत ठेवलेल्या बुटात एकदा विंचू निघाला होता. विंचू नसला तरी हरभऱ्याएवढा एक खडा पुरतो, दिवसभर त्यावर साडेतीनशे किलोंची घोडी उभी राहणार असते. खुरावर आणि बुटात बुरशी रोखणारी पावडर हलकी भुरभुरवा, पट्टे बांधा, दहा पावलं चालवून पुन्हा एकदा बघा.

एक वही ठेवा. तारीख, वास, नाडी, चाल, काही घासलं का. दोन ओळी. डॉक्टर विचारतात "कधीपासून?", तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

पुतळी सडली तर

आमच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. तीन दिवस झड लागली होती, गोठ्यात चिखल, आणि मी स्वतःला समजावलं की बूट काढून ओल्यात उभं करण्यापेक्षा आत राहू दे. चौथ्या दिवशी पट्टा सोडला तर वासानं मागे सरकले. पुतळीच्या फटीतून काळा, डांबरासारखा स्राव येत होता आणि मधल्या घडीत बोटाचं टोक आत जात होतं. तिथे हात लागताच तारानं पाय हिसकावला. तळवा वाचवायला घातलेल्या बुटात मी पुतळी सडवली होती.

हवा न लागणाऱ्या ओल्या, घाणेरड्या जागी वाढणारे जंतू हे करतात, आणि बंद बूट त्यांना हवी तशी जागा देतो. सुरुवातीलाच लक्षात आलं तर उपाय साधा आहे. फटी स्वच्छ करा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून त्या पुसा, पूर्ण वाळवा, कापसाची किंवा गॉजची पातळ पट्टी फटीत हलकी बसवा आणि ती दिवसातून दोनदा बदला. सैल लोंबणारी सडकी चिंधी नालबंदाकडून कापून घ्या, स्वतः सुरी चालवू नका. खूर उघडा ठेवायचा वेळ वाढवा.

गावात कुणीतरी मोरचूद भरायला सांगेलच. मोरचूद जंतू मारतो हे खरं, पण कच्च्या मांसाला लागला की भाजतो, आणि दुखऱ्या फटीत कोंबला तर घोडं पुढे पायच देत नाही. फट खोल असेल, रक्त येत असेल, हात लावू देत नसेल, तर घरचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ताराला बरं व्हायला सहा आठवडे लागले.

घासलेली कातडी

टाचेचे गोळे आणि वरचा पट्टा, या दोनच जागा जास्त करून घासतात. आधी कारण शोधा: बूट मोठा, पट्टा फार आवळलेला, आत वाळू, की खूर वाढल्यामुळे बूट मागे सरकला? कारण तसंच ठेवून मलम लावत बसलात तर जखम मोठी होते. नुसते केस उलटे झाले असतील तर सुती मोजा चालतो. मी शाळकरी मुलांचे मोजे पुढून कापून वापरते आणि ओले झाले की लगेच बदलते. कातडी फुटली असेल तर त्या पायाला दोन-तीन दिवस सुट्टी, मऊ जागेवर. पावसाळ्यात जखमेवर माशा बसतात आणि अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेला फवारा घरात असूच द्या.

गादी

बुटातली गादी म्हणजे फोमचा जाड तुकडा. नवी असते तेव्हा तळव्याला आधार देते, पण रोज दबून दबून ती काही आठवड्यांत चपटी आणि कडक होते. चपटी गादी नसल्यातच जमा. अंगठ्यानं दाबा, दाबलेला खड्डा परत भरून आला नाही तर बदला. नागपूरच्या इतवारी बाजारात फोमच्या शीट कापून मिळतात, पुठ्ठ्याचा तो नमुना इथे कामी येतो. कडकपणा किती हवा हे मात्र घोड्यावर ठरतं. मी दोन-तीन प्रकार आणून प्रत्येकावर ताराला उभं केलं. ज्या गादीवर ती वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहिली नाही, मान खाली घालून चघळायला लागली, ती घेतली.

नागपूरचं ऊन, नागपूरची काळी माती

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. डांबर त्याहून कितीतरी तापतं. बुटामुळे तळवा भाजत नाही हे खरं, पण आत घाम आणि उष्णता कोंडते. मे महिन्यात मी संध्याकाळचा फेरा उन्हं कलल्यावर करते आणि दुपारी बारा ते चार ताराला सावलीत, वाळूच्या गादीवर, बूट काढून ठेवते. तळवा थोडा सावरल्यावरच हे सुरू केलं. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी एवढा वेळ उघडं ठेवू दिलं नव्हतं. खूर कोरडा पडून भेगाळला तर तेल चोपडू नका, वरून तुकतुकी येते, भेग तशीच राहते. तासणी वेळेवर करा.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हिंगणा, काटोल, कळमेश्वर या पट्ट्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते, बुटाच्या काठावरून आत शिरते आणि आत गेली की सिमेंटसारखी बसते. बूट जड होतो, खालून गुळगुळीत होतो, घोडं घसरतं. त्यामुळे चिखलात भटकू द्यायचंच नाही. आम्ही गोठ्यापुढे मुरमाचा उंच ओटा केला, खाली खडी, वर मुरूम, कडेनं नाली, आणि वर बसायच्या-निजायच्या जागेत वाळू. पाण्याची टाकी ओट्यावरच घेतली, कारण सगळ्यांत जास्त चिखल टाकीभोवती होतो. बुटांवर होतो तेवढा खर्च यावरही झाला, आणि मला विचाराल तर हा आधी करा. पावसात मी फेरे तीन करते. दुपारचा छोटा: काढा, पुसा, वाळका जोड घाला.

हिवाळ्यात फारसं काही नाही. थंडीत माणसाला आळस येतो एवढंच बघा.

तासणी आणि चारा

खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. वरच्या कडेपासून टोकाला जमिनीपर्यंत नवा खूर उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. नालेसाठी पाच-सहा आठवडे चालून जातात, पण चोवीस तास बुटात असलेला खूर जमिनीवर झिजत नाही, आणि चार-पाच मिलिमीटर वाढला की बूट आवळायला लागतो. ताराची तासणी दर चार आठवड्यांनी होते. मधे एकदा नालबंद कानस मारून फक्त कडा गोल करतात. तुमच्या नालबंदानं आधी बूट पाहिले नसतील तर त्यांच्यासमोर घालून, काढून दाखवा. आमच्या चाचांनी आयुष्यभर नालाच ठोकल्या होत्या, पण त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की उजव्या बुटाचं टोक लांब पडतंय.

लॅमिनायटिसवाल्या घोड्याचा गूळ, लाडू, पोळ्या, भाताचं उरलेलं, सगळं बंद. दाणाही डॉक्टर सांगतील तेवढाच. दिवसाचा कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ३५० किलोंच्या घोडीला पाच ते सात किलो. वाळकं गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर त्यातली साखर कमी होते. उन्हाळ्यात त्याहून जास्त भिजवू नका, आंबतं. येणारे-जाणारे माया म्हणून काहीतरी भरवतात. आम्ही फाटकावर पाटी लावली आहे: "ताराला फक्त हात फिरवा."

डॉक्टरांना कधी बोलवायचं

कालपर्यंत चालणारं घोडं आज पाय टेकायलाच तयार नाही, एकच खूर गरम, नाडी धडधडते आहे: आत पू झाला असण्याची शक्यता मोठी. तो डॉक्टर किंवा त्यांच्या सांगण्यावरून नालबंद मोकळा करतात, आणि नंतर एप्सम मीठाची पट्टी बांधायला हाच बूट उपयोगी पडतो. दोन्ही पुढच्या खुरांत नाडी वाढली आणि घोडं मागे झुकून उभं राहिलं तर सूज उलटली आहे. सकाळपर्यंत थांबू नका. बूट-गादी घालून मऊ जागेवर उभं ठेवा, चालवू नका, फोन करा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे.

बूट फोडून खिळा आत गेला असेल तर घाईनं उपसू नका. पाय टेकल्यानं तो आणखी आत जाणार असेल तरच काढा, आणि काढण्याआधी जागा व खोली मोबाईलवर टिपून ठेवा. खिळा किती आणि कुठल्या दिशेनं गेला ते डॉक्टरांना एक्स-रेत बघायचं असतं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून शेवटची लस कधी दिली ती तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

आणि डॉक्टर येईपर्यंत त्या पायातून काढलेला बूट आणि गादी धुऊ नका. जशी निघाली तशीच बाजूला, सावलीत ठेवा. गादीवर कुठे जास्त दाब पडलाय, ओल कुठे आहे, रक्ताचा डाग कुठल्या बाजूला, हे बघूनच आमचे डॉक्टर पहिला हात कुठे लावायचा ते ठरवतात.